बनुबाईची पट्टी

आकारामच्या लेकीचं, मनूचं लग्न झालं त्या सालचा, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा नाताळ. पलूसजवळच्या लहानशा चर्चमध्ये आकाराम पेटीवर बसला होता. वीस वर्षं पेटी त्याची आणि पहिलं गीतही त्याचंच. या खेपेला पाळकसाहेबांनी ते गीत बनुबाईला दिलं होतं. गुऱ्हाळावर राबणारी विधवा बाई, पण तिच्या आवाजासाठी माणसं तालमीला येऊन बसायची.

“म्हंजे तू आता नुसता भाता मारायचा व्हय, गड्या?” मंडळीतल्या नाथाजीने चर्चच्या दारातच टोमणा मारला होता. तो आकारामच्या डोक्यातून जाईना.

तालीम काळी चारच्या पट्टीवर झाली होती. बनुबाई उभी राहिली, तिने डोळे मिटले, आणि आकारामच्या बोटाने त्याहून चढी काळी पाच दाबली.

पहिलं कडवं तिने कसंबसं ओढलं. दुसऱ्यात आवाज चिरकला. बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

“बस बाई खाली. आकाराम, घे रं तू,” नाथाजी मागून म्हणाला.

आकारामने पट्टी उतरवली आणि गीत पुरं केलं. बनुबाई बायकांत जाऊन बसली. धृपद आलं की सगळ्यांबरोबर म्हणत राहिली.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, “पट्टी इतकी चढी कशी लागली?”

आकाराम पेटीचा भाता बंद करू लागला.

“म्याच मागितली वरची,” बनुबाई म्हणाली. “दादा नगं म्हनत व्हते. मलाच लय हौस.”

आकाराम खाली मान घालून पेटीचं झाकण लावत राहिला.

कबूल करायला तो तिच्या घरी दोनदा गेला. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला. पुढच्या नाताळला म्हणाला, “बनुबाई, औंदा तू म्हण. सांगशील ती पट्टी देतो.”

“तुमीच म्हणा, दादा. मला मागनंच बरं वाटतंय.”

मग आकारामही पुढे उभा राहिला नाही. गीत दुसरी माणसं म्हणत. तो पेटी वाजवी आणि दर वेळी म्हणणाऱ्याला आधी विचारी, “पट्टी बरी हाय न्हवं?”

बनुबाईच्या मातीला पेटी कबरस्तानात नेली. आकारामने पहिला सूर काळी चारचा दिला.

“चढा लागतोय रं,” नाथाजी कुजबुजला.

“ही तिची हाय. त्या नाताळला म्या दिली न्हाई.”

आकारामने तो सूर थोडा वेळ धरला आणि मग पट्टी उतरवली.

बनुबाई एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, दहा तारखेला सकाळी वारली.