सवतीचा भोपळा

शेतातला पहिला भोपळा दरवर्षी सवतीच्या पोटात जायचा. सवतीला चार पाय होते, सोंड होती आणि ती माए चेम नदीच्या खोऱ्यात, डोंगराखालच्या अभयारण्यात राहायची. पण थूच्या आईच्या लेखी ती सवतच. भाताच्या शेतात वेल लावायचे हिने, माकडं हाकायची हिने, आणि पाऊस सरला की सगळ्यांत गोड फळ खांद्यावर टाकून नवरा, पुनू माहूत, हत्तिणीकडे चालता व्हायचा. बायकोला उरलंसुरलं.

यंदा पुनू बांधावरून घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसला. त्यात निरोप आला, मलि हत्तीण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय, चाऱ्याला तोंड लावत नाही.

"थूची आई, तू जा ना. तेवढा भोपळा दे तिला."

"माझ्या बाळंतपणात कधी एवढा कासावीस झाला नाहीस!"

पण गेली. मुकं जनावर उपाशी ठेवून तिच्याही घशाखाली घास उतरला नसता. वाटभर मात्र भोपळ्याला शिव्या घालत गेली.

मलि ओढ्यापलीकडे पाठ करून उभी होती. दुसरा माहूत जेपो "मलि, मलि" करून घसा फोडत होता. तिचा कान हलेना.

"पुनू कशी हाक मारतो हिला?"

जेपो अंगठ्याने माती उकरू लागला. "वहिनी, ते तू त्यालाच विचार."

"बोल, नाहीतर हा तुझ्या टाळक्यावर फोडते."

"तो... पॉवा म्हणतो."

 पॉवा हे थूच्या आईचं स्वतःचं नाव. आमच्याकडे पहिलं पोर झालं की बाई त्याची आई होते, नाव सुटतं. थू जन्मल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. तिला वाटायचं, विसरला असेल. आणि हा मेला रोज घेत होता, दुसरीसाठी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भोपळा ओढ्यात भिरकावावा आणि चालू पडावं, असं मनात आलं. पण हत्तिणीचं पोट खपाटीला गेलं होतं.

तिने दात आवळले आणि सवतीला आपल्याच नावाने हाक मारली. "पॉवा!"

मलि वळली. पाणी उडवत आली, भोपळा पायाखाली फोडला आणि बियांसकट खाऊन टाकला. थूची आई तिथेच उभी राहून रडली, निव्वळ रागाने.

घरी पोचते न पोचते तोच पुनूने विचारलं, "खाल्ला का गं?"

"खाल्ला. पण नाव घ्यावं लागलं."

पुनूचा चेहरा पडला. "तसं नाही गं. तोंडात बसलेलं नाव. चारचौघांत घ्यायची सोय नाही, म्हणून तिथे..."

"इथे कुठे आहेत चारचौघं?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुटपुटला, "पॉवा."

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.