पाळण्यातून पडली म्हणे

मी पाळणा बोलतोय. नक्षीदार, मोत्यांच्या झालरीचा वगैरे नव्हे. सुरतेच्या उधना भागातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात जुन्या पाइपांचे तुकडे जोडून केलेला लोखंडी पाळणा. इकडे मला घोडियुं म्हणतात. चार पाय, वर आडवा दांडा, दांड्याला आकडा आणि आकड्याला लटकवलेली कापडाची झोळी, एवढाच माझा संसार. सध्या मी चाळीच्या गच्चीवर आडवा पडलोय. माझ्यावर जो आळ आलाय तो ऐकल्यापासून मला चैन नाही.

माझी पहिली मालकीण प्रभावतीताई. तिचा नवरा रेल्वेत कामाला. जागृती आणि लोकेश, तिची दोन्ही मुलं माझ्यात वाढली. लोकेश तर असा गुबगुबीत, की झोळी जमिनीला टेकायची. मुलं शाळेत जायला लागली आणि मी माळ्यावर गेलो. अंगावर जुने डबे, बादल्या. माणसांची गरज संपली की आमचं हेच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग शेजारच्या खोलीत रंजना बाळंत झाली. ती खानदेशातली, नवरा वाल्मिक कापडाच्या मागावर कामाला. मुलगी सातव्या महिन्यातच झाली. डोहाळे पुरवणं राहिलं, माहेरी जाणं राहिलं. बाळाला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, आणि रंजना महिनाभराहून जास्त दिवस काचेबाहेर उभी राहिली. धडधाकट पोरं झोपली त्या पाळण्यात पहिलं मूल घालावं, अशी इथल्या बायकांची रीत. म्हणून प्रभावतीताईने मला खाली काढलं, घासूनपुसून रंजनाकडे दिलं.

बाळ माझ्यात ठेवलं तेव्हा मला वाटलं, नुसतं दुपटंच ठेवलंय. वजन लागेचना.

त्या दिवशी रंजनाने आपल्या अहिराणीत हळूच विचारलं, "ताई, ही मनीच शे ना? मी ते हिले काचनी पेटीमाच देखी."

"तुझी नाही तर कुणाची गं! नाक बघ तिचं," प्रभावतीताई हसली. प्रश्न हसण्यावारी गेला. तो हसण्यासारखा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी वाल्मिकने गावी आईला फोन लावला. "वजन वाढाले पायजे, सिस्टर सांगे. आनि बाळनी मायवर बी ध्यान ठेवा, आसं म्हने."

पलीकडून सुभद्राबाईंचा आवाज आला, "तिले काय व्हयनं? चांगली ते शे! आनि आयक, नाव आत्तेच नका ठेवा. पोर जराशी भरू दे. नाव ठेवं का जीव गुतस."

म्हातारीच्या मनात वाईट काही नव्हतं. पोर हाती लागेल की नाही, याची तिला धास्ती होती. पण बारसं राहिलं ते राहिलंच. आल्यागेल्या बायका माझ्यात डोकावून एकच विचारायच्या, "वजन वाढलं का?" नाव कुणी विचारलं नाही. आणि रंजना किती वाळली, झोपते कधी, जेवते का, हे तर कुणाच्या मनातही आलं नाही.

रंजना घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. मांडीवर साडी, हातात गोंदाची नळी आणि माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात साडीवर, पाय बाळासाठी. बाळ दोन घोट प्यायचं, दमायचं, झोपायचं आणि झोळीत ठेवलं की भुकेने पुन्हा रडायचं. बारीक, चिरका, न थांबणारा आवाज. वाल्मिक बारा तासांची पाळी करून यायचा तो कानात मागाचा खडखडाट घेऊनच. भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

हळूहळू दोरीला हिसके बसायला लागले. माझा आकडा जुना, तो करकरायचा. हिसका जोराचा तशी करकर मोठी. मी घसा फोडून ओरडत होतो म्हणा ना! आणि चाळ काय म्हणायची? "काय माया आहे रंजनाची! दिवसभर झुलवते लेकीला."

एकदा दुपारी रडणं थांबेचना. रंजना उठली. "कसाले उनी तू? कसाले?" का आलीस म्हणून पोरीलाच विचारत तिने झोळीत हात घातला आणि बाळाच्या दंडाला करकचून चिमटा काढला. मग स्वतःच पदर तोंडात कोंबून रडली. बाळाला छातीशी धरून त्याची टाळू हुंगत बसली. मला वाटलं, संपलं.

ते संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या अंगात लांब बाह्यांचं झबलं होतं. प्रभावतीताई म्हणाली, "एवढ्या गरमीत कशाला गं हे?"

"पेटीमातली शे ना ताई, तिले थंडी वाजस."

ताईला पटलं. जाता जाता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि हा मेला किती करकरतो! पोर दचकत असेल." ती घरी गेली, शिवणाच्या मशीनचं तेल घेऊन आली आणि मोठ्या मायेने माझ्या आकड्यात सोडलं. एकदा झुलवून पाहिलं. हूं की चूं नाही. खूश झाली बिचारी.

तेव्हापासून त्या खोलीतलं त्या खोलीतच राहायला लागलं.

मग ती दुपार आली. रंजनाने बाळाला एका हाताला धरून माझ्यातून उपसलं. हाडाचा आवाज मी ऐकला. बाळ एकदा किंचाळलं आणि मग गप्प झालं. रंजना त्याला उराशी धरून अनवाणीच धावत सुटली, मागून प्रभावतीताई. परत आल्या तेव्हा बाळाचा हात प्लॅस्टरमध्ये होता, आणि डॉक्टरला दिलेलं उत्तर चाळभर झालं होतं. पाळण्यातून पडली.

"माझ्याच पाळण्याने घात केला," म्हणून प्रभावतीताई ढसाढसा रडली. वाल्मिकने मला लाथ घातली आणि उचलून गच्चीवर टाकलं. रंजना माझ्याकडे बघत नव्हती.

पोर माझ्यातून पडली नाही हो. लोकेश पडला नाही, जागृती पडली नाही, ही चिमणी कशी पडेल? तरी रंजनाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टाळू हुंगणारी रंजना मी पाहिली आहे. हाताला धरून उपसणारीही पाहिली आहे. ती एकच बाई आहे, आणि तिला कुणीतरी जवळ बसायला हवं होतं.

पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही.

आज दुपारी प्रभावतीताई कपडे वाळत घालायला वर आली. वाल्मिक पाळीवर गेलेला. जिन्यातून ते बारीक रडणं वर येत होतं. वाढलं, वाढलं आणि मध्येच तुटल्यासारखं थांबलं. ताईचा हात दोरीवर थबकला. तिने कान दिला.

ताई, खाली जा. दार वाजव. पोरीचं वजन विचारू नकोस, रंजनाचा हात धर, तिला विचार, बाई तुझं काय चाललंय. पोरीला कुठल्यातरी नावाने हाक मार.

"झोपली वाटतं," ताई स्वतःशीच म्हणाली आणि ओला टॉवेल माझ्या पायावर पसरून पुढच्या कपड्याकडे वळली.

वाऱ्याने माझा आकडा हलला. मी जीव खाऊन करकरायला गेलो. आतलं तेल अजून सुकलेलं नाही.