नणंदेचा कोट मी कापला तेव्हा

मी कात्री बोलतेय. शिंप्याकडची नव्हे हो, इस्पितळाच्या अपघात विभागातली. माझं टोक मुद्दाम बोथट ठेवलंय, कातडीला लागू नये म्हणून. नाकाने चपटी, पण कामाला तिखट. जाड पँट म्हणू नका, चामड्याचा पट्टा म्हणू नका, करकर कापत जाते.

कारखान्यातून निघाले ती थेट थोरल्या सिस्टरच्या खिशात. गाडीवरून पडलेलं माणूस आलं की आधी कपडे कापायचे, मग जखम शोधायची, ही इथली रीत. माणसं तरी काय एकेक! पाय मोडलेला असतो आणि म्हणतात, पँट नवी आहे, जरा जपून.

एकदा भरदुपारी नणंद-भावजय आल्या. स्कूटर घसरली होती. चालवत होती भावजय, मागे नणंद. नणंदेचं तोंड आणि उन्हासाठी घातलेला पांढरा कोट रक्ताने माखलेला, आणि बडबड अखंड चालू. हिला ब्रेक कुठे असतो ते ठाऊक नाही, माझ्या भावाने हिच्यात काय पाहिलं देव जाणे. सगळे तिच्याकडेच धावले. मीही. कोट नको, कोट नको म्हणेपर्यंत मी दोन्ही बाह्या उभ्या चिरल्या. आत बघते तर हात धडधाकट. कपाळावर बोटभर जखम, रक्त सगळं तिथलंच.

सिस्टर ओशाळली. नणंदेच्या हाती तर आयतंच कोलीत.

"बघितलंस वहिनी? तुझ्यापायी कोटही गेला."

भावजय बाकावर बसली होती. कुठे ओरखडाही दिसत नव्हता. आल्या आल्या एवढंच म्हणाली होती की मी बरी आहे, आधी वन्संना बघा. आता तेही नाही.

नणंद बोलता बोलता थांबली.

"सिस्टर, माझं राहू द्या, हिला बघा. एकाला दोन ऐकवल्याशिवाय राहत नाही ही, आणि आता गप्प बसलीय."

सिस्टरने हात धरला, तर गार. तेवढ्यात वहिनी बाकावरच कलंडली. मी तिचा शर्ट खालून वर सरसर कापला. डाव्या बरगडीखाली काळंनिळं झालेलं. पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. पळवतच ऑपरेशनला नेली.

नणंद त्या चिरलेल्या कोटात दाराशी बसून राहिली. कपाळाला टाके घालू देईना. म्हणाली, ती बाहेर येईपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही.

वाचली हो वहिनी.

पुढे माझी धार गेली. जाड कापड तुटेना, म्हणून सिस्टरने मला मलमपट्टीच्या खोलीत ठेवलं. वहिनीच्या पोटावरची शेवटची पट्टी मीच कापली. नणंद शेजारी उभी.

"दुखतं का गं अजून?"

"तुम्ही बोलता तेव्हाच, वन्सं."

नणंद इतकी हसली, की कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आली.

आता मी इथेच असते. काम हलकं, माणसं घरी जायच्या घाईतली. बरं चाललंय माझं. तुम्ही मात्र गाडी बेताने चालवा. आपली ओळख इथे कागदावर झाली, तेवढी पुष्कळ झाली.