रिकाम्या डब्याची जरब

कासारसाईच्या शाळेसमोरील वळणावर वेग टिपणारा कॅमेरा होता. पावसाळ्याआधी वाहतूक खात्याचा अभियंता म्हणून मी स्वतःच तो काढून दुसऱ्या चौकात बसवला. खांबावर उरला तो समोर काळी काच असलेला पत्र्याचा डबा. शनिवारी तो उतरवण्यासाठी मी पुन्हा आलो होतो.

डबा निरुपयोगी आहे, याविषयी मला शंका नव्हती. जरब बसते ती दंड मोठा असल्याने नव्हे, तर पकडले जाण्याची खात्री असल्याने. येथे ती खात्री शून्य होती आणि गावाला ते ठाऊक होते; कॅमेरा भर दुपारी, सर्वांच्या देखत उतरवला होता.

पद्धत म्हणून आधी हातातल्या यंत्राने गाड्यांचा वेग मोजला. धरणाकडे निघालेल्या शहरी गाड्या डब्याच्या अलीकडे मंदावत होत्या. हे अपेक्षितच होते. त्या अनभिज्ञ होत्या. परंतु गावच्याच नथूचा दुधाचा टेम्पोही मंदावला. मागून गावातल्या मोटारसायकलीही. मी यंत्र तपासले. त्यात दोष नव्हता.

सरपंच हैबतरावांची जीप तशीच हळू आली आणि बीबीजानच्या चहाच्या टपरीपाशी थांबली.

"काय सायेब, डबा बी न्यायला आलाय व्हय?"

"हो. रिकामाच आहे तो."

"ठावं हाय. शिडी माझीच व्हती की."

"मग ब्रेक कशाला दाबता?"

चहा गाळता गाळता बीबीजान हसल्या. "पयला दंड यांनाच झालता. तवापास्नं पाय नरम पडलाय."

"चाची, तू चा गाळ." हैबतराव माझ्याकडे वळले. "मला ठावं हाय, पर मागच्या शहरवाल्याला कुटं ठावं हाय? म्होरला दाबतोय म्हणून त्यो दाबतोय. आमीच सुसाट निघालो, तर दोन दिसांत समद्यांना कळंल."

"हे ग्रामसभेत ठरलं?"

"ठरवायचं काय त्यात? एकानं केलं, दुसऱ्यानं बघितलं. जनार्दन तर ट्रॅक्टरला बी ब्रेक मारतोय."

"त्याचा ट्रॅक्टर ढकलला तरी पळत न्हाई," बीबीजान म्हणाल्या. मग त्यांचे हसू ओसरले. कॅमेरा येण्याआधी याच वळणावर त्यांच्या नातीचा पाय मोडला होता. "डबा न्या, साहेब. पर पोरं रस्ता कशी वलांडतील, तेवढं सांगून जावा."

इतक्यात शाळा सुटली.

नथूचा टेम्पो परत फिरून वळणाकडे चालला होता. त्यामागे शहरी गाड्यांची रांग. मी रांगेच्या शेपटाशी उभा राहिलो. नथूने ब्रेक दाबला. मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्याही मागच्याने. गाड्या माझ्यापासून दूर जात होत्या आणि तांबड्या दिव्यांची लाट माझ्याकडे येत होती. अशा लाटेचे समीकरण मी मांडू शकतो. ती कोणी आणि का सुरू करावी, हे त्या समीकरणात नसते. पाहणारे कोणी नव्हते, पकडणारे कोणी नव्हते. तरीही मुले निवांत रस्ता ओलांडत होती. मी यंत्र खाली केले. अंगावर काटा आला होता, हे निरीक्षण म्हणून नोंदवतो.

वरिष्ठ अभियंता मेधा मॅडमना फोन लावला.

"शैलेश, उतरवला का?"

"नाही. इथे वेग मर्यादेत आहे."

"कॅमेऱ्याशिवाय? कसा?"

"गाव सांभाळतंय." मी सारे सांगितले.

"बाकीच्या ठिकाणचे रिकामे डबे उतरव," त्या म्हणाल्या. "तो राहू दे."

बीबीजान माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"राहतोय," मी म्हणालो.

"मग काच तेवढी पुसून द्या. धुळीनं बंद पडल्यावानी दिसतुया."

मी वर चढलो आणि आत काहीही नसलेल्या त्या डब्याची काच लख्ख होईपर्यंत पुसली.