नसलेल्या उंबरापासून शंभर मीटर

आमच्या गावातला पूल आणि त्याच्या दोन्ही अंगांचा रस्ता बांधकाम खात्याने उकरला, तेव्हा तीन महिन्यांत सगळं नवं होईल असा फलक लावला होता. पुढच्या वर्षी त्या फलकाचा रंग उडाला, तर खात्याने तो तत्परतेने पुन्हा रंगवून दिला. रस्त्याचं काम त्या मानाने सावकाश चाललं. नदीपलीकडची मुलं रोज शाळेला उशीर करू लागली, म्हणून मुख्याध्यापिका डोन्या फ्लोरिबेथ यांनी कुटुंबांच्या मदतीसाठी एक समिती नेमली.

समितीत मलाही घेतलं. मी ओल्मान, शाळेचा निवृत्त ग्रंथपाल; आमच्याकडे मानाने पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला डोन्या. बैठकीत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतात. पहिल्या बैठकीत ठरलं, की कुटुंबांनी लवकर उठावं. दुसरीत ठरलं, की त्याहूनही लवकर उठावं. मग राजधानीतून, सान होसेहून, एक तज्ज्ञ बाई आल्या आणि धूळ उडत असताना दीर्घ श्वास कसा घ्यायचा ते पालकांना शिकवून गेल्या.

खात्याने पर्यायी मार्गाचं पत्रकही काढलं होतं. नवव्या गल्लीतून चौथ्या हमरस्त्यावर या, तिथून अकराव्या गल्लीत वळा, असं त्यात होतं. नगरपालिकेने मागे कधीतरी कोपऱ्याकोपऱ्यावर आकड्यांच्या निळ्या पाट्या ठोकल्या होत्या खऱ्या, पण आपण कितव्या गल्लीत राहतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पत्ता म्हणजे एखादी खूण आणि तिथून शंभर मीटर इकडे किंवा तिकडे. शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग मोजायला गेलं तर तो कितीही भरो. आणि खूण जागेवर असलीच पाहिजे असंही नाही. पत्रक वाचून निघालेले पालक कॉफीच्या मळ्यांत सापडायला लागले, तेव्हा डोन्या फ्लोरिबेथ मला म्हणाल्या, की डॉन ओल्मान, तुम्ही पुस्तकांतले, हेच जरा आपल्या भाषेत लिहून द्या.

मी त्यावर खूप खपलो. ‘वर’ लिहावं की ‘उत्तरेला’, यात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी लिहिलं, की पादचाऱ्यांच्या झुलत्या पुलावरून उतरलात की बर्फाच्या कारखान्यापासून शंभर मीटर पूर्वेला, उंबरापाशी वळून दोनशे मीटर खाली, की शाळेचं मागचं फाटक. गावकरी खूश झाले. समितीने टाळ्या वाजवल्या. माझं लिखाण लोकांनी घडी करून खिशात ठेवण्याचा हा पहिलाच प्रसंग. मला मात्र झोप लागेना. लोकांना आवडलं म्हणजे काहीतरी चुकलंच असणार.

चुकलं होतं. ते सांगायला आउरा आली.

आउरा शेजारच्या देशातली, निकाराग्वाची. चार-पाच वर्षांपूर्वी मुलीला घेऊन इकडे आली, कॉफीच्या गिरणीत रात्रपाळी करते, राहते नदीपलीकडे. तिची नोएलिया म्हणजे आमच्या वाचनालयातली मी पाहिलेली एकमेव मुलगी, जी पुस्तक परत करताना दुसरं मागायची. सरकारी विज्ञान विद्यालयाची प्रवेश परीक्षा आमच्याच शाळेत होणार होती, सकाळी सातला. ती एकदाच देता येते. सातला फाटक बंद झालं की आत सोडत नाहीत. नोएलियाची निवड झाली तर वसतिगृहासकट सगळं शिक्षण फुकट, नाहीतर आईबरोबर गिरणी. म्हणून आउराने रविवारी माझा कागद हातात धरून मुलीला तो रस्ता चालवून पाहिला होता. दोघी खाटीकखान्याच्या मागे जाऊन पोचल्या.

“तो बर्फाचा कारखाना कुठाय?” तिने विचारलं.

तो जळाला, मी म्हणालो, पण सगळ्यांना माहीत आहे.

“आणि उंबर?”

“वादळात पडला. नोएलिया जन्मायच्या आधीच.”

आउराने कागदाची घडी केली. “म्हणजे डॉन ओल्मान, तुम्ही मला मेलेल्यांचा पत्ता दिलात. खात्याचा कळत नव्हता, पण निदान आजचा तरी होता.”

मी हे समितीपुढे नेलं, म्हणजे चिठ्ठी लिहून सरकवली. समितीने अत्यंत सहानुभूतीने विचार करून असं ठरवलं, की बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी गावाच्या जुन्या खुणांवर एक व्याख्यान ठेवावं. तारीख परीक्षेनंतरची मिळाली.

नवी खूण शोधायला मी स्वतः त्या वळणावर जाऊन आलो. तिथे धूळ आणि नारिंगी पिंपं, आणि पिंपं मजूर रोज हलवतात. मग मी आउराला सांगितलं, की परीक्षेच्या सकाळी उंबराच्या जागी मीच उभा राहीन.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “उंची कमी पडते,” ती म्हणाली, “पण चालेल.”

त्या सकाळी उजाडायच्या सुमारास मी जाऊन उभा राहिलो. भर रस्त्यात काहीही कारण नसताना उभं राहणं मला आयुष्यात जमलेलं नाही. येणारा-जाणारा थांबून चौकशी करत होता. इकडची बस बंद झाली हो केव्हाच, असं एकाने समजावलं. पावाच्या दुकानातल्या डोन्या हर्मिनिया म्हणाल्या, की उंबर बरा होता, निदान सावली तरी पडायची. तरी त्यांनी कॉफी आणून दिली.

तेवढ्यात शिक्षण खात्याच्या चकचकीत गाडीतून दोन परीक्षक आले, मागच्या सीटवर प्रश्नपत्रिकांची सीलबंद पेटी. गाडी चालवणाऱ्या तरुणाने नववी गल्ली विचारली. मला ती माहीत नव्हती. बर्फाच्या कारखान्यापासून शंभर मीटर, असं मी सुरू केलं. कुठला कारखाना, त्याने विचारलं. तो आता नाही, मी म्हणालो. त्याने फार नम्रपणे आभार मानले, अधिकृत पत्रक मांडीवर पसरलं आणि गाडी भलतीकडे वळवली. मी हात वर केला, पण हाक मारणं काही जमलं नाही. हे मी मुद्दाम केलं असं नंतर काही जण म्हणाले. एवढी धमक असती तर मी समितीत बोललो नसतो का?

आउरा आणि नोएलिया येईनात. चर्चची सातची घंटा झाली. ती पूर्ण होईपर्यंत मी जागचा हललो नाही, आणि नंतरही हललो नाही, कारण खुणेने हलायचं नसतं. मग धुळीतून दोघी पळत येताना दिसल्या. पलीकडे खणायचं यंत्र रस्त्यात आडवं लावून चालक न्याहारीला गेला होता, आणि तिकडची बस त्याच्यामागे उभी राहिली होती.

“वाजले?” आउराने विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

“बंद फाटक तरी बघू द्या तिला,” ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून खाली धावली. मीही मागोमाग गेलो.

फाटक उघडं होतं. डोन्या फ्लोरिबेथ हातात कुलूप घेऊन उभ्या होत्या, आणि इतक्या हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे फाटक परीक्षकांच्या समक्षच बंद करायचं होतं, आणि परीक्षकांचा पत्ता नव्हता. नोएलिया त्यांच्या काखेखालून आत गेली, बाकावर बसली आणि पेन्सिलीला टोक काढू लागली.

पेटी आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गाडीच्या पुढच्या बाजूला कॉफीची अख्खी फांदी अडकलेली होती, कच्च्या फळांसकट. परीक्षकांनी कुलूप मागितलं आणि फाटक वेळेवर बंद झाल्याची नोंद केली.

आउरा बाहेरच्या कठड्यावर बसली होती. मला म्हणाली, “ही डब्याची पिशवी धरा जरा,” आणि भिंतीला डोकं टेकून बसल्या जागी झोपली. रात्रभर गिरणीत उभी होती ती.

थोड्या वेळाने डोन्या फ्लोरिबेथ लगबगीने आल्या. समितीच्या मार्गदर्शनामुळे सगळे परीक्षार्थी वेळेत पोहोचले, असा अहवाल सान होसेला जायचा होता आणि सोबत समितीचं छायाचित्र हवं होतं. चला डॉन ओल्मान, सगळे खोळंबलेत, असं त्या म्हणाल्या.

मी आउराकडे पाहिलं, पिशवी मांडीवर नीट घेतली.

“मी नाही येत,” मी म्हणालो, “आणि जरा हळू बोला.”