बोळक्या तोंडाचं शेवाळ

शेवाळावर पीएच.डी. करते म्हटलं की लोक आधी नीतूच्या पायांकडे बघायचे, घसरून पडली की काय म्हणून. सात वर्षं हेच चाललं होतं. आठवडाभर सडक अर्जुनीच्या कॉलेजात तासिकांवर शिकवायचं आणि सुट्टी मिळाली की नवेगावच्या जंगलात नाल्याकाठचे दगड खरवडत बसायचं. आता तिला या सगळ्याचा कंटाळा आला होता, पण हातातलं टाकून दुसरं काही धरायचाही तेवढाच कंटाळा आला होता.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर अर्जुनी मोरगावची बस मिळाली, तेव्हा दांडा धरून ती उभ्याउभ्याच पेंगली. परीक्षांच्या कामामुळे तीन आठवडे घरी जाणं झालं नव्हतं, आणि जीव मात्र घरच्या पडवीतल्या एका ट्रेमध्ये अडकला होता.

त्या ट्रेमध्ये तिचं नशीब होतं म्हणा ना. ऐन पावसाळ्यात नाल्यातल्या एका दगडावर तिला ते शेवाळ मिळालं होतं. सुकलं की पानं आत वळून मिटायची, पाण्याचा थेंब पडला की बघता बघता उघडायची. अशी लक्षणं जुळणारी दोनच शेवाळं तिच्या यादीत उरली होती. एक हायोफिला, ओल्या दगडाभिंतींवर कुठंही दिसणारं. दुसरं या जिल्ह्यात आजवर कुणालाच न सापडलेलं. नुसत्या पानांवरून तिला फरक ठरवता येत नव्हता. शेवाळाला केसासारखी दांडी फुटते, तिच्या टोकाला इवलीशी बोंडी येते. त्या बोंडीच्या तोंडाला दात असले तर दुर्मीळ, तोंड बोळकं असलं तर हायोफिला. जंगलातल्या दगडावर एकही बोंडी नव्हती, म्हणून तिनं ते घरी वाढवायला घेतलं. तिच्या भाड्याच्या खोलीत, तापल्या पत्र्याखाली, ते चार दिवसही टिकलं नसतं.

"बोंडी नाही आली तरी नवीन नोंद म्हणून लिहून टाका," गाईड सरांनी परवाच सांगितलं होतं. "सोमवारी पेपर पाठवा. पक्क्या जागेची मुलाखत तोंडावर आहे. नवीन काय सापडलं, एवढंच विचारतात तिथं." आणि आज शनिवार होता.

घरी पोचली तर धनलाल, म्हणजे तिचे बाबा, पडवीतच उभे होते. "पाय धू, मंग पाह्य," ते म्हणाले. "एक दिवसबी सुकू देलो नाही."

नीतूनं पाय धुतले नाहीत. ट्रेमध्ये काठोकाठ पाणी होतं. पाणी वाहून जाऊ नये म्हणून चारी कडांना चिखलाचा छोटासा धुरा, शेताच्या बांधासारखा, घातला होता, बोटांनी दाबून, सुबक. पाण्यावर बुळबुळीत हिरवी साय आली होती. तिच्याखाली शेवाळ काळं पडून कुजलं होतं.

"बाबा, पाणी काऊन भरून ठेवलं? फवारा माराले सांगतलं होतं ना मी."

"पऱ्हे हायेत ना ते? धानाच्या पऱ्ह्याले पाण्यात नाही ठेवत काय आपण? बांधी सुकली का गेलं सारं."

चाळीस वर्षं धान रोवलेला माणूस तो. कोवळं हिरवं दिसलं की पाणी बांधायचं, हे त्याच्या हातांना ठाऊक. बाबांवर काय रागावणार? आणि रागवायलाही अंगात जोर लागतो. नीतू पडवीतच खाली बसली. तिला रडू आलं, तेही थकलेलंच.

"मेलं काय?" बाबांनी हळूच विचारलं.

"मेलं."

"मंग सांदा भराचं हाय ना, ते घे," ते म्हणाले.

धान लावून रोवणा संपला की उरलेल्या पऱ्ह्याच्या रोपांच्या जुड्या कुणी फेकत नाही. त्या शेतातल्या बांधीच्या कोपऱ्यात खोचून ठेवतात, आणि मेलेल्या रोपांच्या जागी मग त्यातलीच लावून सांदा भरतात. ऑगस्टमध्ये ट्रे भरून उरलेला शेवाळाचा दगड नीतूनं अंगणात टाकून दिला होता. बाबांनी तो उचलून विहिरीमागच्या ओल्या सावलीत ठेवला होता.

"पऱ्हे फेकून कायले देऊ?" ते म्हणाले.

दगडाला तिनंच बांधलेला लाल दोरा अजून होता, चौदा नंबरच्या चिठ्ठीसकट. त्यावर शेवाळ गच्च माजलं होतं, आणि त्यातून दांड्याच दांड्या वर आल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नीतूनं भिंग काढलं. कोपर गुडघ्यावर टेकवून डोळा लावला.

बोंडी बोळकी होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. झाकण गळून तोंड उघडलेल्या अकरा बोंड्या पाहिल्या. एकीलाही दात नव्हता.

तिच्या मनात पाप आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ट्रे कुजलेला आणि हा दगड कुणी पाहिलेला नाही. विहिरीत टाकला असता तर डुबुक असा आवाज झाला असता, एवढंच.

"काय निंगालं?" बाबा वाकून म्हणाले.

"साधं हाय, बाबा. आपल्या न्हाणीच्या भिंतीवर हाय ना, तेच. दात नाहीत याले."

"माह्यासारखंच मंग," असं म्हणून ते बोळकं हसले.

नीतूनं वही काढली. शेवाळाचं नाव लिहिलं. गोळा करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव, आणि वाढवणाऱ्याच्या जागी धनलाल टेंभरे. मग सरांना मेसेज केला की नवीन नोंद नाही, सोमवारी पेपर पाठवत नाही. फोन उलटा करून ठेवला.

"मंग तुह्या नोकरीचं?"

"नाही होत वाटते, बाबा."

बाबा आत गेले आणि तिचा फवारा घेऊन आले. दगडाशी उकिडवे बसून बेताबेतानं पाणी उडवू लागले, तिनं शिकवलं होतं अगदी तसं.

"आता कायले टाकून राहिले? काम संपलं त्याचं."

"जितं हाय ना ते," बाबा म्हणाले.