हलका बार

"बाबा, त्या दिवशी आईने तुला नेमकी काय हाक मारली होती?"

पैज डेलेनीच्या मैत्रिणींनी, ब्रिन आणि कॅसिडीने, लावली होती, शाळेच्या कँटीनमध्ये. "तुझ्या बापाच्या बोटांची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ आहे गं," ब्रिन म्हणाली, "पण ती हाक काय होती हे कुणी कधी विचारलंय? तुझी तर टापच नाही!"

झालं! डेलेनीला टाप नाही म्हणायचं आणि तिने गप्प बसायचं? वर्षापूर्वीची डेलेनी बसलीही असती. तेव्हा वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज घशातल्या घशात राहायचा. पण आता ती जिल्ह्याच्या ज्युनिअर नेमबाजीत पहिली आली होती, तीही बापाच्या भल्यामोठ्या चव्वेचाळीस कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरने. आता ती कुणालाही काहीही विचारू शकत होती.

व्हर्नने, तिच्या बापाने, काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा अर्ध्यात थांबवला. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.

"जेवायला ये म्हणाली. आणखी काय म्हणणार?"

"अरे पण शब्द काय होते?"

"डेल, तोंड आवर आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पूस."

गोष्ट अशी होती. अकरा वर्षांपूर्वी व्हर्न याच गॅरेजात, याच बाकावर हलक्या बाराची, म्हणजे बंदुकीची दारू कमी असलेली, काडतुसं भरत होता. रोंडाने, म्हणजे डेलेनीच्या आईने, घरातून हाक मारली. त्याची मोजणी चुकली आणि एका पुंगळीत दारू दोनदा पडली. पुढच्या रविवारी मैदानावर रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं. तेव्हापासून दर वसंतात नेमबाजी क्लबातल्या नवशिक्यांच्या वर्गात व्हर्न ते फुटकं रिव्हॉल्व्हर उंच धरायचा आणि म्हणायचा, "दोस्तांनो, बाकावर बसलेल्या माणसाला बायकोने हाक मारू नये!" सगळे खो खो हसायचे. मागे रोंडा त्यांच्याच कपांत कॉफी ओतत असायची.

अकरा वर्षांत तिने गॅरेजचा उंबरा ओलांडला नव्हता. काही सांगायचं असलं तर ती स्वयंपाकघरातून गॅरेजात फोन करायची. एकाच घरात!

यंदा क्लबाने त्या वर्गात डेलेनीला पाच मिनिटं बोलायला दिली होती. विषय हाच, काडतूस कसं भरायचं. म्हणून व्हर्न तिची तयारी करून घेत होता.

"हलका बार साधा वाटतो, पण तोच दगा देतो," तो म्हणाला. "का ते सांग."

"कारण पुंगळी एवढी मोठी आणि दारू चिमूटभर. भरगच्च बार दुप्पट घालायला गेलं तर दारू सांडते, लगेच कळतं. हा दुप्पट झाला तरी तळाशीच दडून बसतो."

"म्हणून?"

"म्हणून पन्नासच्या पन्नास पुंगळ्या पाटीत उभ्या करायच्या, टॉर्च मारून एकेकीत डोकावायचं, आणि मगच वर शिशाची गोळी बसवायची. कुणी हाक मारो, भूकंप होवो, डोकावल्याशिवाय पुढे जायचं नाही!"

"शाबास," व्हर्न म्हणाला आणि भुंकणाऱ्या कुत्र्याला आत घ्यायला अंगणात गेला.

डेलेनीला वाटलं, भाषणात दाखवायला त्या दिवसाचं काहीतरी हवं. सगळ्यात वरच्या फळीवर त्या खेपेतल्या उरलेल्या काडतुसांचं खोकं होतं. 'फोडून टाकायचीत कधीतरी,' असं व्हर्न अकरा वर्षं म्हणत आला होता. ती स्टुलावर चढली, खोकं काढलं, धूळ फुंकली. प्रत्येक खोक्यावर असते तशी याच्यावरही बापाच्या अक्षरातली चिठ्ठी होती. गोळी कुठली, दारू किती, भरल्याची तारीख.

नऊ नोव्हेंबर. खाली साल.

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. नऊ नोव्हेंबर म्हणजे टेटचा, धाकट्या भावाचा, वाढदिवस. आणि सालही त्याच्या जन्माचंच. त्या दिवशी आई तर बिलिंग्ज शहरातल्या हॉस्पिटलात होती! सकाळीच डॉटमावशीने तिला गाडीत घालून नेलं होतं, आणि 'एवढ्या बर्फात बाबाला काही येता आलं नाही,' हे दर वाढदिवसाला केकबरोबर ठरलेलं वाक्य होतं.

डेलेनी खोकं घेऊन स्वयंपाकघरात घुसली. पहिलं बक्षीस घेऊनही ती अशी धावत आली नव्हती.

"आई! तू हाक मारलीच नाहीस! तू घरात नव्हतीसच! हे बघ, तारीख बघ!"

रोंडा गॅसवर राजमा-खिम्याची चिली ढवळत होती. तिने खोक्याकडे पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागली. मागच्या दाराशी व्हर्न कुत्र्याचा पट्टा धरून उभा राहिला होता.

"मग हाक मारली कुणी?" डेलेनी म्हणाली.

रोंडाने व्हर्नकडे पाहिलं. व्हर्नने जमिनीकडे. डेलेनीकडे मात्र दोघांपैकी कुणीच बघेना, आणि त्यावरूनच तिला कळलं. त्या दिवशी घरात दोनच माणसं होती. एक बाबा. दुसरं माणूस पाच वर्षांचं.

"भूक लागली होती तुला," व्हर्न म्हणाला. "मॅकरोनी हवी होती. चार-पाचदा आलीस गॅरेजात."

"किती वाजता?"

"असतील चार."

"आणि त्याआधी जेवायला कधी दिलं होतंस?"

व्हर्न वाकून कुत्र्याचा पट्टा सोडवू लागला.

"सकाळी सहाला मी दूध-सीरियल देऊन गेले होते," रोंडा हळूच म्हणाली.

"अगं, तुझ्यावर कसं येऊ द्यायचं ते?" व्हर्नचा आवाज चढला. "एवढीशी पोर! जन्मभर मनाला लावून घेतलं असतंस. आणि तुझी आईच म्हणाली, माझं नाव घे म्हणून."

"एकदा घे म्हणाले होते, व्हर्न," रोंडा म्हणाली. "टाके घालणाऱ्या त्या डॉक्टरसमोर, कारण ही शेजारी बसून रडत होती. दरवर्षी लोकांना हसवायला नव्हे."

चिली तळाला लागल्याचा वास आला. रोंडाने गॅस बंद केला नाही.

डेलेनीचे कान तापले होते. ब्रिनला आता काय सांगायचं? हाकेचे शब्द तर मिळाले होते, हाक मात्र तिची स्वतःचीच निघाली होती. तिने खोकं टेबलावर ठेवलं, चिठ्ठी वर येईल असं.

"शनिवारी माझी पाच मिनिटं आहेत ना? मी सांगणार आहे. हाक मी मारली होती, सकाळपासून उपाशी होते म्हणून. आणि पाटीत टॉर्च मारून बघायचं काम माझंही नव्हतं, आईचंही नव्हतं."

"डेल, ती सगळी माझी जुनी माणसं आहेत," व्हर्न म्हणाला. "आणि आपण दोघं तिथे पुन्हा तोंड कसं दाखवणार..."

"हे खोकं मी घेऊन जाणार. आई, तू शनिवारी कॉफी ओतायची नाहीस. पुढे खुर्चीवर बस, नाहीतर येऊच नकोस. बाबा, तुला यायचं तर ये. पण मी सांगणार."